बाप जिता असताना केलेलं टक्कल

आमच्या मामांबद्दल सांगा म्हणलं की लोक आधी बुंदीचं इचारतात. "वत्सलाबाई, ती बुंदीची गोष्ट सांगा की!" अरे बाबांनो, माणूस एवढं आयुष्य जगला, अन् तुमाला बुंदीच दिसती व्हय? पण सांगते. मधी मात्र कुणी बोलायचं न्हाई. मला मधी बोललेलं खपत न्हाई, हे नेकनूरच्या अख्ख्या बाजाराला ठाऊक हाय.

मामा म्हणजे माझे सासरे, सुंदरराव. आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात. जवानीत त्यांनी ऊसतोड केली, मग कोयता टाकला तो टाकलाच. गावात म्हशी व्हत्या, पण दूध घेणारा बाहेरचा माणूस मनाला येईल तो भाव द्यायचा. मामांनी घरोघर फिरून, शिव्या खाऊन, प्रसंगी देऊन, सहकारी दूध संस्था उभी केली. सभासदांत बायांची नावं घातली. म्हणायचे, धार काढती ती अन् नाव लागतं तुमचं, लाज वाटत न्हाई का बे?

चेअरमन झाले तरी रोज सकाळी पहिलं माप आपल्याच म्हशीचं लावायचे. दूध पातळ निघालं तर फळ्यावर स्वतःच्या नावापुढं स्वतःच लिहायचे, मोठ्या अक्षरात. मग दुसऱ्याची पाणी घालायची काय बिशाद! असा माणूस. डोक्याला पांढरा पटका, बोलणं कमी, अन् बोलले की समोरच्याच्या हातातली तंबाखू हातातच राहायची.

आता खटल्याचं ऐका. दुष्काळ पडला त्या साली गावात टँकर यायचा, तो पण त्याची मर्जी असंल तवा. एक दिवस आमी बाया घागरी घेऊन रांगेत उभ्या व्हतो. म्होरच्यांच्या घागरी भरल्या तवा ड्रायव्हरनं टँकर जरा मागं घेतला, बाभळीची फांदी काचेत घुसली अन् काच खळ्ळकन खाली. टँकरवरच्या कर्मचाऱ्याला वाटलं आता भरपाई आपल्या गळ्यात येती. त्यानं सरळ ठाणं गाठलं अन् सांगितलं की बायांनी दगडं मारली, माझ्या अंगावर धावून आल्या, सरकारी कामात अडथळा आणला. झालं! अकरा बायांवर फौजदारी गुन्हा.

त्यात मी व्हते अन् माझी शेजारीण छबुबाई व्हती. छबुबाई म्हणजे सहा महिने कारखान्यावर ऊस तोडणारी अन् सहा महिने गप्प बसणारी. तिनं उभ्या जन्मात कुणाला 'अरे' म्हणलेलं न्हाई. पोलिसाच्या कागदात ती जमावाला भडकवणारी! मला म्हणले असते तर एक येळ मी मान्य केलं असतं.

हसू नका. शिक्षा झाली असती तर माझी अंगणवाडीतली मदतनिसाची नोकरी गेली असती. छबुबाईसारखीला तुरुंग पाहावा लागला असता. अन् लेकीबाळींच्या सोयरिकीत लोकांनी तोंड वाकडं करून इचारलं असतं, आई आत जाऊन आली ती हीच का? भ्या होतं ते ह्याचं.

मग सुरू झाल्या तारखा. बीडला एसटीनं जायचं, कोर्टात नाव पुकारलं की हात जोडून उभं राहायचं, अन् पुढची तारीख घेऊन परत यायचं. आमी जो वकील लावलेला, तो कायम दुसऱ्याच कोर्टात गुंतलेला. त्याला आमची तोंडं सुदिक ठाऊक न्हवती. मामा दर तारखेला आमच्याबरोबर यायचे. कोर्टाच्या आवारात लिंबाचं झाड हाय, त्याच्याखाली आमच्या सगळ्यांच्या भाकरीचं गाठोडं घेऊन बसायचे. आमी बाहेर आलो की फक्त तोंडाकडं बघायचे. मी म्हणायचे, "तारीख." मामा गाठोडं सोडायचे अन् भाकरी वाढता वाढता त्या शब्दाला अशा शिव्या घालायचे की शेजारी बसलेले पक्षकार जागा बदलायचे.

छबुबाईला एक पोरगी, द्वारका. आई-बाप फडात अन् पोरगी वसतिगृहात, असं करत करत ती बीडला वकिलीची परीक्षा पास झाली. काळा कोट शिवला. पण कोट घातला म्हणून कुणी फौजदारी काम देतंय व्हय? मोठे वकील म्हणायचे, पोरी, तू प्रतिज्ञापत्रं लिही, हे मारामारीचे खटले तुझं काम न्हाई. एक दिवस मामांनी तिला झाडाखाली धरलं.

"कावून गं उभी राहत न्हाईस आमच्या बाजूनं? वकील हायस ना?"

पोरगी खाली बघत म्हणली, "बाबा, साक्षीदाराला उलटं कसं तपासायचं ते मला कुणी शिकवलंच न्हाई. मी चुकले तर माझी आईच आत जाईल."

मामांना तिचं ते बोलणं लई आवडलं. खोटी ऐट मारली न्हाई पोरीनं. मग तिनंच सांगितलं की औरंगाबादेत एक वकील बाई हायत, त्या दर साली खेड्यातली चार-दोन पोरं हाताखाली घेत्यात अन् वर्षभर फौजदारीचं सगळं काम शिकवत्यात. शिकवायचं काही घेत न्हाईत, पण वर्षभर राहायचं-खायचं ज्याचं त्यानं बघायचं. छबुबाईकडं कुठून येणार? जागा मिळूनही पोरीनं 'येत न्हाई' असं कळवायचं ठरवलं व्हतं.

तवा पुन्हा दुष्काळच. जनावरं छावणीला, संस्थेत दुधाच्या कॅना पालथ्या पडलेल्या. अशात संस्थेची सभा भरली. मामा उठले, एक रिकामी कॅन उचलून मधी ठेवली अन् म्हणले,

"माझं वय झालं. आज न्हाई तर उद्या मी जाणार. मी गेलो की तुमी भावकीतले सगळे डोकी चकोट करणार, दहाव्याला-तेराव्याला बुंदी पाडणार, पाव्हणे हाणून जेवणार. अन् मला काय? तर ते सगळं आत्ताच करा. केस आत्ता काढा, बुंदीचा खर्च आत्ता द्या. ज्याचं टक्कल होईल त्याच्या नावानं त्याच्या सोयऱ्यांनी ह्या कॅनमधी देणगी टाकायची. त्याच्यावर छबुबाईची पोरगी फौजदारी शिकून येईल. अन् मी खरोखर मेलो की पुन्हा केस काढायचे न्हाईत. बुंदी तर बिलकुल न्हाई. हा माझा शब्द हाय."

बाई गं! आमच्याकडं बाप गेल्यावरच पोरगा केस काढतो. बाप जिता असताना काढले म्हणजे त्याच्या मरणाची वाट बघण्यातला प्रकार. म्हातारी माणसं धोतर झटकत उठली. एक जण म्हणला, "सुंदरराव, उन्हानं डोकं फिरलं का काय?" मामा म्हणले, "फिरलंय. म्हणूनच पहिलं माझं काढायचं."

मामांना अडचण न्हवती, त्यांचा बाप कधीच गेलेला. अडचण व्हती आमच्या घरात. माझा नवरा, गहिनीनाथ. नाव घ्यायला मी काय लाजत न्हाई. माणूस सोन्यासारखा, पण मन लोण्याचं. म्हशीला सुई टोचायला डॉक्टर आला की हा पाठ करून उभा. तो म्हणला, "जग इकडचं तिकडं होऊ द्या, आबा जिते असताना मी केसाला वस्तरा लावणार न्हाई." अन् भावकी त्याच्याकडं बघून. पोटचाच बसत न्हाई म्हणल्यावर दुसरा कोण बसतोय?

मी लई बोलले. "बायको तुरुंगात गेली तर चालंल, अन् केस गेले तर चालत न्हाई का?" म्हणले. तो इतकंच म्हणला, "वत्सला, तुला बाप असता तर तू हे बोलली नसतीस." माझा बाप मी रांगत होते तवा गेलेला. मी चुलीपुढं जाऊन बसले. मला गप्प करणारं आजवर तेवढं एकच बोलणं निघालंय.

ठरल्या दिवशी संस्थेच्या पटांगणात बंकट न्हावी पेटी घेऊन आला. मामांनी पटका सोडला, माझ्या हातात दिला अन् पाटावर बसले. त्यांचं डोकं झालं. मग त्यांनी उभ्या उभ्याच हाक मारली, "गहिनीनाथ!"

हा खांबाला टेकून उभा. डोळे लाल. पण त्या हाकेला नाही म्हणायची सवय त्याला न्हवती. आला, बसला अन् पोरासारखा रडायला लागला. "आबा, मला न्हाई जमायचं. तुमाला काय झालं तर?"

मामा त्याच्या पुढ्यात गेले अन् आपला पंजा त्याच्या टाळूवर ठेवला.

"हात कसा लागतोय?"

"गरम हाय, आबा."

"मेलेल्याचा असा असतो का?"

"न्हाई."

"मग बस गप. बंकट, चालव रं वस्तरा. मी काय हात काढत न्हाई."

अन् खरंच काढला न्हाई हो! बंकट डावीकडं आला की मामा हात उजवीकडं सरकवायचे, बंकट मागं गेला की पुढं. बापाच्या हाताखाली पोराचे केस गळत व्हते अन् अख्खं गाव श्वास धरून उभं. मी पटका छातीशी धरून उभी व्हते. माझ्या सासऱ्याचा मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा कुणाचाच कधी वाटला न्हाई, अन् नवऱ्याचा त्याच्याहून जास्त. भ्यालेला माणूस बसला, ह्याला किंमत असती.

मग काय इचारता! सभेत धोतर झटकून उठलेल्या म्हाताऱ्यांनीच आपापली पोरं पुढं ढकलली. ज्याचा बाप जिता त्याच्या बापानं हात ठेवायचा, असा तिथल्या तिथं नियमच पडला. बायांनी पदराच्या गाठी सोडल्या. दुपारपर्यंत पटांगणात नुसती चकोट डोकी, अन् कॅन उचलायला दोन माणसं लागली.

आता खरी मजा. दुसऱ्या दिवशी गहिनीनाथ छावणीच्या कामानं बीडला गेलता. स्टँडवर वडवणीच्या एका पाव्हण्यानं एसटीच्या खिडकीतून त्याचं डोकं पाहिलं. टक्कल केलेल्या माणसाला कोण गेलं म्हणून कुणी इचारत न्हाई, समजून घेतात. पाव्हणा समजला. वडवणीला उतरला तो थेट बायनाबाईच्या दारात. बायनाबाई म्हणजे मामांची थोरली बहीण, माझ्या तोंडाला पुरून उरणारी एकच बाई.

सांजच्याला गावाच्या तोंडाशी जीप थांबली अन् तिथूनच गळा काढलेला ऐकू आला. "माझ्या सुंदऱ्या रं! मला टाकून कसा गेलास रं! काल लुगडं घेतो म्हणलास रं!" पाठीमागं वडवणीच्या सात-आठ बाया छाती बडवत. अख्ख्या गल्लीतून बायनाबाई रडत, अडखळत आल्या अन् आमच्या ओट्याशी येऊन थांबल्या. ओट्यावर मामा चकोट डोक्यानं बसून बशीतनं चहा फुंकत व्हते.

"आक्का, चहा घेतीस का?" मामा म्हणले.

बायनाबाईंनी पायातली चप्पल काढली अन् अशी मारली की बशी अंगणात. "मेल्या! वडवणीपासून रडत आले मी! घसा बसला माझा!" बाकीच्या बायांना रडावं का हसावं कळंना. मी सगळ्यांना पाणी दिलं अन् काय घडलं ते पहिल्यापासून सांगितलं. बायनाबाई ऐकत व्हत्या, नाक पुसत व्हत्या. शेवटी कमरेची पिशवी काढून माझ्यापुढं टाकली. म्हणल्या, "दुखवट्याला आणलेलं हाय, परत नेणार न्हाई. रडले ते रडले, फुकट कशाला?" अन् पुढच्या वडवणीच्या बाजारात ह्या बाईनं पाल टाकून, भाऊ मेला न्हाई ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणखी देणगी गोळा केली. अशी सगळी ती अवलाद!

द्वारका गेली. वर्ष सरलं, वर आणखी काही महिने ती तिथंच राबली, अन् परत आली ती चालच बदलून आली. पहिल्या वकिलाकडून कागद घेतले अन् आमच्या खटल्यात उभी राहिली. टँकरवरचा तो कर्मचारी साक्षीला आला त्या दिवशी मामा झाडाखाली बसले न्हाईत. आत, मागच्या बाकावर बसले.

द्वारकानं आवाज चढवला न्हाई. इचारलं, "बाया टँकरजवळ आल्या तवा रांगेत होत्या?"

"व्हय."

"प्रत्येकीकडं घागरी होत्या?"

"व्हय. एक डोक्यावर, एक काखेत."

"भरलेल्या का रिकाम्या?"

"म्होरच्यांच्या भरलेल्या. त्याच दगडं मारायला लागल्या."

"घागरी खाली ठेवल्या होत्या?"

"कशाच्या ठेवत्यात! पाणी सांडंल म्हणून कुणी घागर सोडंना."

"म्हणजे एक हात डोक्यावरच्या घागरीला, दुसरा काखेतल्या घागरीला." द्वारकानं आपलेच दोन्ही हात तसे धरून दाखवले. "मग दगड कोणत्या हातानं मारला?"

कर्मचारी आमच्याकडं बघाय लागला, छताकडं बघाय लागला. मागच्या बाकावरून मामांचा खाकरल्याचा आवाज आला, अन् मला ठाऊक हाय तो खाकरा न्हवता, दाबलेलं हसू व्हतं. बाहेर आल्यावर त्यांनी द्वारकाला काही शाबासकी दिली न्हाई. गाठोडं सोडलं अन् पहिली भाकरी तिच्या हातावर ठेवली. आमच्या घरात पहिली भाकरी कायम मामांची असायची.

निकालाचा दिवस लागला. अन् त्याच्या आधीच्या आठवड्यात, सकाळचं पहिलं माप लावून मामा घरी आले, ओट्यावर टेकले अन् गेले. दवाखाना न्हाई, दुखणं न्हाई.

ह्या खेपेला बायनाबाई गल्लीतून रडत आल्या न्हाईत. गप्प आल्या, मामांच्या उशाला बसल्या, त्यांचा हात हातात घेतला. लई येळ धरून बसल्या. मग गहिनीनाथकडं बघून म्हणल्या, "गार हाय रं." तवा आमचा बांध फुटला.

आता दोन पेच पडले. एक, भावकीतल्या बाहेरगावच्या पाव्हण्यांनी गहिनीनाथला घेरलं, केस काढ म्हणून. दुसरा, सुतकात घराबाहेर पडायचं न्हाई, अन् माझा निकाल. द्वारका मला म्हणली, "काकू, मी अर्ज देते. घरात असं झालंय म्हणल्यावर साहेब पुढची तारीख देतील."

"तारीख?" बायनाबाई कोपऱ्यातून कडाडल्या. "सुंदऱ्याच्या दारात हा शब्द काढायचा न्हाई! वत्सले, ऊठ. मी येते तुझ्यासंगं, बघू कोणतं सुतक आडवं येतंय."

गेलो. बायनाबाई लिंबाखाली मामांच्या जागेवर गाठोडं घेऊन बसल्या. आमी आत हात जोडून उभ्या. साहेबांनी वाचलं. निर्दोष. सगळ्या अकरा जणी निर्दोष. मला पायाखालची फरशी दिसंना झाली. छबुबाई मात्र जशीच्या तशी उभी. तिनं पोरीच्या काळ्या कोटाची बाही ओढली अन् हळूच इचारलं, "द्वारके, पुढची तारीख कवाची?"

"आता तारीख न्हाई, आई," द्वारका म्हणली. अन् साक्षीदारापुढं न डगमगलेली ती पोरगी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून कोर्टातच रडली.

दहाव्याला मामांच्या शब्दाप्रमाणं बुंदी न्हवती. पण संस्थेच्या पटांगणात कॅन ठेवलेली व्हती, अन् बंकट पेटी घेऊन बसलेला. त्या साली त्याची स्वतःची थोरली पोरगी वकिली पास झालती, अन् तिलाही औरंगाबादेत त्याच वकील बाईंच्या हाताखाली जायचं व्हतं. बंकटनं तोंडानं काही मागितलं न्हवतं. लोक आपसूक आले. एकेक पोरगा पाटावर बसत व्हता अन् त्याचा जिता बाप समोर उभा राहून टाळूवर हात ठेवत व्हता. मामांच्या दहाव्याला आलेले पाव्हणे बघतच राहिले. ज्यांचे बाप जिते त्यांची डोकी चकोट, अन् ज्याचा बाप गेला तो एकटा गहिनीनाथ केसांनी भरलेल्या डोक्यानं कॅनशेजारी उभा.

एका पाव्हण्याला राहवलं न्हाई. "काय बे गहिनीनाथ, गावाचं झालं. बापासाठी तू कवा बसणार?"

मी तोंड उघडणार व्हते. पण गहिनीनाथनंच आपल्या टाळूवर हात ठेवला, बरोबर त्याच जागी, अन् म्हणला, "माझं झालंय. आबांचा हात गरम होता तवाच झालंय."